ऑगस्टचा उल्कावर्षाव सोडा, डिसेंबरची रात्र पकडा

दरवर्षी ऑगस्ट आला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. "आज रात्री ताऱ्यांचा पाऊस, तासाला शंभर उल्का, चुकवू नका!!" आणि खाली कुठल्यातरी वाळवंटातला फोटो, ज्यात पन्नास रेघा एकदम दिसतायत. इकडे खिडकीतून बघावं तर झड लागलेली, चंद्रसुद्धा आठवडाभर दिसलेला नाही. मी एका वर्षी त्या फॉरवर्डला भुलून खरंच गेले होते. मी, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांचा तेव्हा नऊ वर्षांचा मुलगा, रात्री अकराला माळशेजला. धुकं इतकं की गाडीचं बोनेट दिसेना. भाजलेली कणसं खाल्ली, चहा प्यायलो, पहाटे ओल्या कपड्यांनी परत. भाचा गाडीत झोपता झोपता म्हणाला, "आत्या, पाऊस पडला पण पाण्याचाच."

तेव्हापासून मी जिला-तिला एकच सांगते, की ऑगस्टचा, ययाती नावाच्या तारकासमूहातून येणारा वर्षाव चांगलाच असतो, त्यात वाद नाही, पण तो युरोप-अमेरिकेतल्या लोकांचा. त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या, मोकळं आकाश, उबदार रात्री, म्हणून त्यांच्या वेबसाइट्स त्याचंच कौतुक करतात आणि आपण ते तसंच्या तसं पुढे ढकलतो. आपला वर्षाव डिसेंबरचा. मिथुन राशीतला. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री. हवा कोरडी, ढग नाहीत, रात्र मोठी, आणि उल्कासुद्धा जास्त.

आता हे सगळं नेमकं आहे काय ते सांगते, कारण "तारा तुटला" म्हणताना पडतं ते तारा नसतं हे सगळ्यांना माहीत असतं पण मग काय असतं विचारलं की गाडी अडते.

धूमकेतू सूर्याजवळून जाताना तापतो, त्याचा बर्फ वाफ होऊन उडतो आणि बर्फात अडकलेली धूळ-खडे मागे सुटत जातात. वाळूचा ट्रक रस्त्याने जाताना मागच्या फळीतून वाळू सांडत जाते ना, तसंच. फक्त इथे ट्रक पुन्हा पुन्हा त्याच रस्त्याने जातो, हजारो वर्षं, त्यामुळे त्या सगळ्या वाटेवर धुळीचा पट्टा तयार होतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वर्षातून ठरलेल्या तारखांना असे पट्टे ओलांडते. म्हणून उल्कावर्षावाच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात, आपल्या मकरसंक्रांतीसारख्या. ऑगस्टचा पट्टा स्विफ्ट-टटल या धूमकेतूचा, जो १३३ वर्षांनी एकदा येतो आणि शेवटचा १९९२ मध्ये येऊन गेला. ऑक्टोबरमध्ये मृग नक्षत्रातून येणाऱ्या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या. म्हणजे हॅले स्वतः आता २०६१ शिवाय यायचा नाही, पण त्याची धूळ दरवर्षी आपल्या डोक्यावर येऊन जळते.

डिसेंबरचं प्रकरण मात्र जरा वेगळं आहे आणि मला तेच सगळ्यात आवडतं. ही धूळ धूमकेतूची नाहीच, म्हणजे निदान सरळसरळ तरी नाही. लोकांना हा वर्षाव १८६२ पासून माहीत होता पण त्याचा धूमकेतू काही सापडत नव्हता. मग १९८३ मध्ये आयरास नावाच्या इन्फ्रारेड उपग्रहाला एक लघुग्रह सापडला, आणि फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की याची कक्षा आणि डिसेंबरच्या उल्कांची कक्षा एकच आहे. त्या लघुग्रहाचं नाव फेथॉन. पाच-सहा किलोमीटरचा दगड, जेमतेम दीड वर्षात सूर्याभोवती एक चक्कर. आणि ती चक्करसुद्धा कशी, तर सूर्यापासून २ कोटी किलोमीटरपर्यंत आत जाऊन येणारी, बुधापेक्षाही कितीतरी आत, जिथे त्याचा पृष्ठभाग ७०० अंशांच्या वर तापतो. तिथे त्याला छोटीशी शेपूट फुटते, लोकांना वाटायचं ती धूळ असेल, पण २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तो सोडियमचा वायू आहे. मग एवढी सगळी धूळ सांडली कधी? पूर्वी कधीतरी मोठी मोडतोड झाली असावी असा अंदाज आहे.

पण आपल्याला बघणाऱ्यांना याचा फायदा असा, की धूमकेतूची धूळ भुसभुशीत असते, रव्याच्या लाडवासारखी, हात लावला की सुटणारी, आणि फेथॉनची धूळ त्यामानाने घट्ट, दगडी. शिवाय वेगही कमी. मिथुनच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, ऑगस्टच्या ५९ ने, आणि नोव्हेंबरच्या सिंह राशीतल्या तर ७१ ने. ३५ कमी वाटत असेल तर हिशोब करा, मुंबई-पुणे चार-साडेचार सेकंदात, एक्स्प्रेसवेवर न थांबता. तर घट्ट कण आणि सावकाश वेग असल्यामुळे या उल्का डोळ्याला नीट पकडता येतात. "कुठे कुठे?" म्हणेपर्यंत शेजारच्यालाही दिसते. नोव्हेंबरवाल्यांचं तसं नाही, मान वळवेपर्यंत संपलेली असते.

आणि हे सगळं करणारा कण केवढा? बहुतेक वेळा वाळूचा दाणा. मोहरीएवढा असला तर छान उल्का, हरभऱ्याएवढा असला तर लोक ओरडतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. एवढासा दाणा शंभर किलोमीटरवरून दिसतो कसा? शंभर किलोमीटर म्हणजे पुण्यात उभं राहून साताऱ्यातली मोहरी. पण आपल्याला दिसते ती मोहरी नाहीच. एवढ्या वेगाने आलेल्या कणावर हवेचे रेणू आदळतात, त्याचा पृष्ठभाग उकळून उडून जातो आणि ती वाफ आणि आजूबाजूची हवा मिळून पेटल्यासारखी चमकते. आपण बघतो तो हा उजेडाचा पट्टा. मोठा खडा असेल तर त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं तसं. "घर्षणाने जळते" हे शाळेत शिकलेलं उत्तर अगदी चूक नाही म्हणा, पण अर्धवट आहे. आणि रंग दिसला तर तोही याच वाफेचा असतो. सोडियमचा पिवळा-नारिंगी, मॅग्नेशियमचा निळसर हिरवा. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आठवा, तेही सोडियमचेच.

शब्दांचा घोळ एकदाच मिटवून टाकते. कण अंतराळात तरंगतोय तोवर तो उल्काभ, जळताना दिसते ती उल्का, आणि पूर्ण न जळता खाली जमिनीवर पोचला तर अशनी. अशनी हा शब्द जुना आहे, वराहमिहिराने उल्कांचे पाच प्रकार सांगितलेत त्यात मोठा आवाज करत जमिनीवर येऊन आदळणारी ती अशनी. वर्षावातल्या उल्का खाली पोचत नाहीत, सगळ्या वरच संपतात, त्यामुळे "काही डोक्यात पडेल का" ही काळजी सोडा (माझ्या आईची पहिली काळजी हीच). जमिनीवर येतात ते बहुतेक लघुग्रहांचे तुकडे आणि त्यांना वर्षावाच्या तारखांशी देणंघेणं नसतं. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २२ मे २०१२ रोजी दगड पडले ते भर उन्हाळ्यात, भर दुपारी. आणि लोणार तर काय, बुलढाण्यातलं ते पावणेदोन किलोमीटरचं विवर अशाच एका मोठ्या पाहुण्याने केलेलं.

आता बघायचं कसं.

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर. आपल्या लोकांना याबाबतीत परदेशातल्या लोकांपेक्षा खूप सोपं आहे आणि आपल्याला त्याची किंमत नाही. त्यांना चंद्राची कला बघायला अॅप उघडावं लागतं, आपल्याकडे चौकोनात तिथी छापलेली असते. उल्कांचा खरा शत्रू ढगांच्या खालोखाल चंद्र. १३-१४ डिसेंबरला शुद्ध चतुर्थी-पंचमी असेल तर चंद्र नऊ-दहापर्यंत मावळतो आणि पुढची रात्र आपली. शुद्ध अष्टमी असेल तर मध्यरात्रीनंतर बसा. वद्य अष्टमी असेल तर उलटं, मध्यरात्रीपर्यंत बघून घ्या, मग चंद्र उगवतो. पौर्णिमा असेल तर घरी झोपा, किंवा गच्चीवर दहा मिनिटं जाऊन एखादी मोठी दिसली तर दिसली. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावस्या आहे, म्हणजे १३-१४ ला चंपाषष्ठीच्या आधीची बारीक कोर, लवकर मावळणारी. याहून चांगलं जमत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टच्या वर्षावालाही नेमकी आषाढ अमावस्या, स्पेनकडे तर त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण. म्हणजे आकाश अगदी काळंकुट्ट, फक्त आपल्या बाजूला त्याच्याखाली ढगांची गोधडी.

दुसरं, दिशा. मिथुनच्या उल्का मिथुन राशीतून आल्यासारख्या वाटतात, पुनर्वसूचे दोन तारे आहेत ना, कॅस्टर आणि पोलक्स, त्यातल्या कॅस्टरजवळच्या एका बिंदूतून. वाटतात म्हणते कारण तो डोळ्यांचा भ्रम आहे. कण सगळे एकमेकांना समांतरच येत असतात. रात्री पावसात गाडी चालवताना हेडलाइटच्या उजेडात थेंब कसे समोरच्या एकाच ठिकाणाहून फुटून काचेकडे येताना दिसतात, किंवा रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र आलेले दिसतात, तोच प्रकार. त्या बिंदूला उगमबिंदू म्हणूया. शोधायचा तर रात्री नऊला पूर्वेकडे तोंड करा, मृग नक्षत्र लहान मुलालाही ओळखता येतं, त्याच्या डावीकडे थोडे खाली दोन सारख्या ताऱ्यांची जोडी, ते पुनर्वसू. आपल्याकडून हा बिंदू संध्याकाळी साडेसात-आठला उगवतो आणि रात्री दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. बिंदू जितका वर तितक्या उल्का जास्त, म्हणून उत्तम वेळ रात्री बारा ते चार.

पण, आणि हा पण महत्त्वाचा, बघायचं त्या बिंदूकडे नाही. बिंदूजवळच्या उल्का आपल्याच दिशेने येत असतात म्हणून त्यांच्या रेघा आखूड दिसतात. लांब, देखण्या रेघा बिंदूपासून बऱ्याच बाजूला दिसतात. त्यामुळे उताणं पडायचं आणि जास्तीत जास्त काळं आकाश डोळ्यांत घ्यायचं, कुठे रोखून बघायचं नाही. चौघं असाल तर आकाश वाटून घ्या. आणि उल्का कुठल्या दिशेने आली हे कळण्यासाठी तिची रेघ मनात मागे ओढून बघा, मिथुनात गेली तर आपली. नाही गेली तर ती सुटी उल्का, तशा रोजच रात्री तासाला चार-पाच पडत असतात, वर्षाव असो नसो.

लवकर बसायचं एक वेगळं बक्षीस आहे. साडेआठ-नऊच्या सुमारास बिंदू क्षितिजाजवळ असताना कण वातावरणाला तिरके घासत जातात, पाण्यावर भाकऱ्या काढताना चपटा दगड जातो तसे, आणि मग अर्ध्या आकाशभर सावकाश सरकणारी उल्का दिसते. संख्या कमी, तासाला एखाददुसरी, पण दिसली की वर्षभर पुरते. ऑगस्टच्या किंवा नोव्हेंबरच्या वर्षावात मध्यरात्र उलटल्याशिवाय काही हाताला लागत नाही, इथे जेवणं झाली की पोरांना घेऊन बसता येतं. लहान मुलं असलेल्या घरांसाठी हा एक मुद्दाच पुरेसा आहे.

आकड्यांबद्दल. बातमीत "तासाला १५०" छापतात. हा आकडा खरा आहे पण तो हिशोबापुरता, म्हणजे उगमबिंदू बरोबर डोक्यावर, आकाश पूर्ण अंधारं, डोळ्याला दिसू शकतील ते सगळे तारे दिसतायत, असं धरून काढलेला. बाइकच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखा. प्रत्यक्षात गावाकडच्या चांगल्या अंधारात तासाला पन्नासेक म्हणजे मस्त रात्र. शहरात गच्चीवरून पाच-दहा. आणि त्या सारख्या अंतराने येत नाहीत, दहा मिनिटं काही नाही, मग एका मिनिटात तीन. लोक कंटाळून मोबाइल काढतात ते नेमके त्या दहा मिनिटांत.

मोबाइलवरून आठवलं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या डिसेंबरच्या पहिल्या रात्री ओतूरजवळच्या मामाच्या शेतात सगळं जुळून आलं होतं, आम्ही अर्धा तास गप्प पडून डोळे तयार केले, आणि भावाने गाडीतून थर्मास काढायला दार उघडलं तर आतला दिवा भक्कन लागला. सगळ्यांनी मिळून त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता आम्ही दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतो आणि टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर. लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही.

त्या रात्रीच शिकलेलं दुसरं म्हणजे दव. थंडीची तयारी सगळे करतात, स्वेटर, कानटोपी, पण उघड्या रानात पहाटे दोनला दव इतकं पडतं की गोधडी पिळून निघते. खाली प्लास्टिकचा कागद, वर सतरंजी, अंगावर गोधडी आणि गोधडीवर पुन्हा एक प्लास्टिक. हसू येतं खरं ते रूप बघून, पण कोरडं राहता येतं. आणि जुन्नर-आंबेगावकडे जाणार असाल तर उसाच्या कडेला अजिबात झोपू नका, बिबट्या ही तिथे गंमत नाही. मामाने आम्हाला खळ्यावर, घराला लागून झोपवलं आणि स्वतः काठी घेऊन बसला, साडेतीनपर्यंत आकाशाकडे एकदाही न बघता.

एकट्याने जायचं नसेल तर मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू आहेत, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. नागपूरकडच्यांची तर मजाच, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान मिळाला, आणि दुर्बीण लागत नाही हे तर सांगायलाच नको. उलट दुर्बिणीतून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, उल्का तिथेच यायची म्हणजे लॉटरी.

आता मोठ्या उल्का. शुक्राच्या चांदणीपेक्षा जास्त चमकली तर तिला अग्निगोल म्हणतात. मिथुनच्या वर्षावात एक गोष्ट नेहमी दिसते, बारीक कण पट्ट्यात आधी भेटतात आणि जाडे थोडे नंतर, त्यामुळे ऐन भराच्या वेळेनंतर पुढचे काही तास ठळक उल्कांचं प्रमाण वाढतं. म्हणून एकच रात्र मिळणार असेल तर भराची वेळ उलटली म्हणून हिरमुसू नका. मोठी उल्का गेली की लगेच ओरडत बसू नका, आधी तिच्या वाटेकडे बघत राहा. कधी कधी मागे धुरकट रेघ काही सेकंद टिकते आणि वरच्या वाऱ्याने वेडीवाकडी होत जाते.

आणि जे चमकतं ते सगळं उल्का नसतं. उल्का बहुतेक सेकंदाच्या आत संपते, फार मोठी असली तर चार-पाच सेकंद. लुकलुकत जाणारं ते विमान. न लुकलुकता संथ सरकत जाणारा तारा म्हणजे उपग्रह. एका ओळीत मण्यांसारखे दिवे म्हणजे स्टारलिंक, इंटरनेटसाठी सोडलेले उपग्रह. आणि २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भात लोकांनी जे बघितलं, जळत्या तुकड्यांची रांग, अगदी सावकाश, व्हिडिओ काढायला वेळ मिळेल इतकी सावकाश, ती उल्का नव्हती. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात त्यानंतर मोठं धातूचं कडं सापडलं, आणि तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा टप्पा होता. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येते, उल्का कमीत कमी अकराने. हातात मोबाइल घेऊन, कॅमेरा उघडून, आजीला हाक मारून सुद्धा ते चालूच असेल तर ते माणसाने वर पाठवलेलं काहीतरी परत येतंय असं समजा.

फोटोचं थोडक्यात. ट्रायपॉड लागतोच, वाइड लेन्स, पंधरा-वीस सेकंदांचं एक्सपोजर, आयएसओ १६०० ते ३२००, आणि एकामागून एक फोटो चालू ठेवायचे. तीनशे फोटोंत सहा उल्का आल्या तरी नशीब म्हणा. फॉरवर्डमधला पन्नास रेघांचा फोटो असाच, रात्रभराचे फोटो एकावर एक चिकटवून केलेला असतो, हे कळलं तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं.

त्या ओतूरच्या रात्री आम्ही मोजल्या एकशे बारा. भाच्याने वहीत लाल उजेडात उभ्या रेघा मारल्या, पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशोबासारखी. साडेतीनला सगळ्यात मोठी गेली, डोक्यावरून सरळ मृगाला कापत, क्षणभर आमच्या सावल्या पडल्या जमिनीवर. वहिनी आणि भाऊ तेव्हा घोरत होते आणि आजपर्यंत त्या सावल्यांवर विश्वास ठेवत नाहीत. मामाने मात्र पहिल्यांदा मान वर केली, म्हणाला "काय होतं ते?", आणि मग काठी बाजूला ठेवून तोही सतरंजीवर आडवा झाला. २०२७ ला नेमकी १३ डिसेंबरला पौर्णिमा आहे, दत्तजयंती, त्यामुळे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय की २०२६ ला खळं मोकळं ठेव.